दुसऱ्या ग्रहावरून आलेला भिया

ट्रेचा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला होता. पंधरा-सोळा वर्षं नुसता पडून राहिलेल्या डीव्हीडी प्लेअरचं दुसरं काय होणार. स्पिरिटच्या बोळ्याने पुली पुसली, डब्यातून मापाचा बेल्ट हुडकून चढवला, करंट दिला आणि ट्रे खर्रकन बाहेर आला. आत डिस्क होती. वरची छपाई बोटांनी घासून गेलेली. शेवटचा शब्द 'प्लॅनेट' एवढाच वाचता येत होता.

प्लेअर माझा नाही. माझ्या दुकानातली सगळ्यात वरची फळी न नेलेल्या मालाची आहे. लोक वस्तू टाकून जातात, 'भिया, शाम को आता हूँ' म्हणतात, आणि त्या शामची वाट बघत मी सदुसष्ट वर्षांचा झालो. इंदूरच्या मिला बंद पडल्या त्या वर्षांत तर ती फळी टीव्हीच्या सेटांनी भरून गेली होती. सेट दुरुस्त होऊन पडलेले, सोडवायला पैसे नाहीत. या प्लेअरवर चिठ्ठी होती: नंबर 412, ट्रे अटकती है, 180 रुपये. खाली लिहिलेल्या मोबाईलवर फोन केला तर उज्जैनच्या कुणी बाई बोलल्या. त्यांनी जन्मात प्लेअर घेतला नव्हता.

दुकान आता दुपारी तीन तासच उघडतो. मुलगा म्हणतो, बाबा बंद करा. खरं आहे त्याचं, पॅनल गेलं की लोक टीव्ही फेकतात, मेकॅनिक शोधत नाहीत. तर अशाच एका रिकाम्या दुपारी, बेल्ट नीट ओढतोय का बघायचं म्हणून ती डिस्क लावली, आणि 108 मिनिटं जागचा हललो नाही. मध्ये चहावाला पोरगा कप ठेवून गेला, त्या चहावर साय धरली. सिनेमाचं नाव रात्री नातीने शोधून दिलं: 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट', 1984 सालचा, दिग्दर्शक जॉन सेल्स. त्यानंतर तो आणखी दोनदा पाहिला, एकदा घरच्यांबरोबर आणि एकदा नातीला शेजारी बसवून, वाक्यावाक्याला थांबवत. हे लिहितोय ते तीन वेळा पाहिल्यावरचं आहे.

आधी डिस्कचं सांगतो, कारण कुणी मागवणार असेल तर त्याला ते लागेल. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे भाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात. ही अमेरिकेतली डिस्क आहे, म्हणजे रीजन 1. आपला भारत रीजन 5 मध्ये येतो. कंपनीचा सरळमार्गी प्लेअर अशी डिस्क घेत नाही, पडद्यावर नन्नाचा पाढा दाखवून गप्प बसतो. हा 412 नंबरचा प्लेअर बिनानावाचा, जेल रोडवर ढिगाने मिळायचे तसला. त्याला रीजनफीजनशी देणंघेणं नाही, पोटात घालाल ते वाजवतो. दुसरं म्हणजे चित्र एनटीएससीचं, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचं आहे. 525 रेघा, सेकंदाला साठ झळका. आपलं पाल 625 रेघांचं, पन्नास झळकांचं. आजकालचे टीव्ही दोन्ही पचवतात, पण माझ्या दुकानातला जुना पिक्चर ट्यूबचा सेट पचवत नाही. चित्र आधी पायऱ्या चढल्यासारखं वर वर सरकत राहिलं. मागचा व्हर्टिकल होल्ड फिरवून त्याला थांबवलं, पण रंग काही आले नाहीत. म्हणजे हा रंगीत सिनेमा मी पहिल्यांदा काळा-पांढरा पाहिला. गोष्ट काळ्या-गोऱ्यांची आहे हे कळल्यावर बायको म्हणाली, "मग बरोबरच पाहिलात की!"

माझ्या हातात आली त्या प्रतीत रात्रीची दृश्यं फार काळवंडलेली आहेत, आणि खाली अक्षरं येत नाहीत, इंग्रजीसुद्धा नाहीत. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतलं इंग्रजी मला चार आण्यांइतकं कळलं. तरी मी बसून राहिलो, कारण ज्याची गोष्ट आहे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. त्याच्याइतकंच मलाही ऐकू येत होतं आणि त्याच्यापेक्षा थोडंसंच जास्त कळत होतं.

गोष्ट अशी. परग्रहावरचा एक माणूस पळून येतो आणि त्याचं यान न्यूयॉर्कच्या बंदरात पडतं. यानाबियानाचं काम दोन मिनिटांत उरकलंय. असले लुकलुकणारे दिवे आमच्या आयटीआयच्या प्रदर्शनात पोरं एका दिवसात जोडायची. दिसायला तो काळा माणूस, फक्त पायाला तीनच बोटं. एक पाय तर पडतानाच तुटलेला असतो. तो अक्षरशः लंगडी घालत किनाऱ्यावर येतो, तुटल्या जागी हात धरतो, उजेड पडतो आणि पाय परत फुटतो. बायकोची पहिली शंका: "त्याच्या मापाची चप्पल कुठे मिळणार?"

तो येऊन पोचतो ते एलिस बेटावर. हे बेट म्हणजे अमेरिकेत बाहेरून येणाऱ्यांचा नाका. 1892 ते 1954 या काळात एक कोटी वीस लाखांवर माणसं इथून तपासून आत घेतली. आता तिथे संग्रहालय आहे, पण सिनेमा निघाला तेव्हा त्या इमारती ओसाड पडल्या होत्या. या रिकाम्या दालनात तो रात्री शिरतो, दमून खांबाला टेकतो, आणि हात लागताच त्याला आवाज ऐकू येतात. ज्या ज्या लोकांनी त्या खांबाला, त्या बाकड्यांना टेकून वाट पाहिली, त्या सगळ्यांचे. कितीतरी भाषांमधले. तो दचकून हात काढतो, आवाज बंद. परत लावतो, परत सुरू.

इथे मी सरसावून बसलो. हा माणूस आमच्या धंद्यातला आहे हे मला तिथेच कळलं.

दुरुस्तीचं काम हाताचं असतं असं लोकांना वाटतं, पण त्यातलं बरंचसं कानाचं असतं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चालू केला की एक बारीक शीळ येते. लाइन ट्रान्सफॉर्मरची शीळ, आपल्या पालमध्ये 15,625 हर्ट्झची. गिऱ्हाईक सेट टेबलावर ठेवून सांगत असायचं, चित्र नाही, आवाज नाही, आणि मी मान डोलवत ती शीळ शोधत असायचो. शीळ आहे म्हणजे पुढचा भाग जिवंत, बिघाड दुसरीकडे. शीळ नाही म्हणजे लाइनचा ट्रान्झिस्टर बघा. इतक्या उंच पट्टीतला आवाज वय झालं की कान सोडून देतो. पंचेचाळिशीत एके दिवशी चांगला धडधाकट सेट मी मेलेला समजून उघडून बसलो. हाताखालचा पोरगा म्हणाला, "काका, सीटी तर वाजतेय." त्या दिवसापासून शीळ ऐकायचं काम त्या पोराकडे गेलं. मी मग कॅबिनेटवर तळहात ठेवायला लागलो. थरथर कळते हाताला, पूर्ण नाही, पण कळते.

हार्लेममध्ये हा माणूस भटकत एका दारूच्या अड्ड्यात शिरतो. तिथलं व्हिडिओ गेमचं मशीन बंद पडलेलं असतं. तो त्यावर हात ठेवतो, डोळे कुठेतरी लांब, आणि मशीन चालू. बस, एवढंच दृश्य. ज्यो मॉर्टन नावाच्या नटाने ते असं केलंय की मी दुकानात एकटा असताना 'वा' म्हणालो. जादू केल्याचा आव नाही. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा हात, आणि बिघाड सापडल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते, म्हणजे आनंद नव्हे, 'अच्छा, तू होतास होय' असं काहीतरी. ते मला आरशातही दाखवता येणार नाही.

मग त्याला गेमच्या पार्लरमध्ये मशीनं दुरुस्त करायची नोकरी मिळते. व्हिडिओ गेमची ती उभी कपाटं नव्वदच्या दशकात इंदुरातही होती, टॉकीजच्या आसपास, आणि त्यांच्या पोटात शेवटी पिक्चर ट्यूबच असायची, त्यामुळे बोलावणं मला यायचं. एकदा एका पार्लरवाल्याच्या मशीनवर सगळं चित्र मिटून मध्ये एकच पांढरी आडवी रेघ उरली. व्हर्टिकल गेलं की असंच होतं. बहुतेक वेळा आयसी, पण कधीकधी नुसता ड्राय सोल्डर, म्हणजे टाक्याला केसाएवढी चीर. मी मागचं फळकूट काढलं, बोर्डावर बोट दाबलं, चित्र उघडलं. टाका गरम करून पक्का केला, पाच मिनिटांचं काम. मालक म्हणाला, "हाथ लगाते ही चालू हो गया, पैसे किस बात के?" तो पन्नास रुपये देईना. सायकल काढून निघालो तर मागून हाका मारायला लागला, कारण शेजारचं मशीनही तसंच झालं होतं. तिथे मात्र मी हळूहळू, दीड तास लावून, सगळे स्क्रू काढून, चेहरा गंभीर करून काम केलं. पैसे मिळाले.

सिनेमातला भिया पाठ उघडतसुद्धा नाही. हे मला खटकलं, खरं सांगतो. त्या कपाटांच्या आत काय असतं ते मी पाहिलंय: पोत्याने धूळ, पॉपकॉर्न, आणि ट्रान्सफॉर्मरच्या उबेला बसलेली झुरळं. हार्लेमची मशीनं आतून स्वच्छ असतील यावर माझा विश्वास नाही. पण एक पोरगी तिथे येते, सगळे गेम जिंकून कंटाळलेली. तिला मशीन फार हळू वाटतं. तो हात ठेवतो आणि गेमचा वेग वाढवतो, इतका की ती बघत राहते. बिघडलेलं नीट करणं वेगळं आणि समोरच्याला काय हवंय ते ओळखून मशीनला तसं करणं वेगळं. हे दृश्य लिहिणाऱ्याने कधीतरी कुणा चांगल्या कारागिराच्या दुकानात बसून दिवस काढलेला असणार.

त्याला 'भिया' म्हणतोय ते उगीच नाही. सिनेमात त्याला नावच नाही. हार्लेममध्ये काळा माणूस काळ्या माणसाला ब्रदर म्हणतो, म्हणून हा ब्रदर. आपण इंदुरात पोह्यांच्या ठेल्यापासून वकिलाच्या हापिसापर्यंत सगळ्यांना भिया म्हणतो. भाषांतर करायचं तर यापेक्षा चांगला शब्द मिळणार नाही.

दारूच्या अड्ड्यातली मंडळी म्हणजे आमच्या जुन्या मोहल्ल्यातला ओटला. तीच माणसं, त्याच जागा, तेच वाद रोज नव्याने. हा मुका येऊन बसल्यावर प्रत्येकाचं निदान वेगळं: बहिरा आहे, डोकं फिरलंय, दारूडा आहे. कुणी पोटातून, कुणी डोक्यातून रोग काढतो. पण त्याला हाकलत मात्र कुणी नाही. त्यातलाच एक सॅम, सरकारी मदतीच्या खात्यात काम करणारा, त्याला खोली बघून देतो आणि काम लावून देतो. तीस मिनिटं हे सगळं चालतं, बंदूक नाही, स्फोट नाही, नुसत्या गप्पा, आणि नातीने दुसऱ्या वेळी सगळं समजावून सांगितलं तेव्हा मी डोळे पुसत हसलो.

आणि सगळे त्याच्याशी बोलतात! तो राहतो त्या घरची गोरी बाई त्याला आपली सगळी कहाणी सांगते. इंडियाना राज्यातले दोन गोरे रस्ता चुकून भीतभीत त्या अड्ड्यात येतात आणि त्यालाच गाठून लहानपणच्या बेसबॉलच्या आठवणी सांगत बसतात. तो ऐकतो. मान हलवतो. ती माणसं मोकळी होऊन उठतात. यावर कुणी म्हणेल, हे अती झालं. तर मला विचारा. डाव्या हातात बोर्ड, उजव्यात सोल्डरिंग आयर्न, म्हणून सोल्डरची तार दातात धरायची (शिसं असतं त्यात, धरू नये, आम्ही धरायचो). तोंडात तार असली की मेकॅनिक मुका होतो. आणि समोरच्या स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक बोलायला लागतं. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या भावाने शेतीचा कागद कसा फिरवला, सगळं मला ठाऊक आहे. त्या लोकांना माझं नाव अजून माहीत नसेल.

'पीके' आपण सगळ्यांनी पाहिलाय. तोही अडकून पडलेला परग्रहवासी, त्याचंही काम हातातून चालतं. हात धरून भाषा शिकतो, आणि एकदा शिकला की थांबतच नाही, आपल्याला सगळं समजावूनच सोडतो. मला तो आवडतो. पण त्याच्यानंतर हा न बोलणारा पाहिला की कानाला आराम पडतो.

कुणी विचारलं, बाबा तू कुठला, तर तो मूठ मिटून अंगठा वर करतो. वरून आलो. एवढंच उत्तर. लोक त्याचा काय हवा तो अर्थ लावतात आणि आपापल्या कामाला लागतात.

मी हे दृश्य परत परत मागे नेऊन पाहिलं. आमचं घराणं होळकरांच्या फडावर कारकुनी करायला इकडे आलं, त्याला सहा पिढ्या झाल्या. राजवाडा जळताना, परत उभा राहताना आम्ही इथेच. तरी नवा शेजारी विचारतोच, "आप लोग तो महाराष्ट्र से हो ना?" हो म्हणावं तर तिकडे ना घर ना शेत. मागे पुण्याला भाचीच्या लग्नाला गेलो. कार्यालयात भयंकर उकडत होतं, मी म्हणालो, "जरा पंखा वाढवून द्या, फार गरमी होऊन राहिली." मुलाकडच्या एका गृहस्थांनी मोठ्या प्रेमाने खांद्यावर हात ठेवला. "तुमचं मराठी छान आहे हो! कुठे शिकलात?" आईच्या मांडीवर, असं सांगावंसं वाटलं. बायकोने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. आता पुन्हा कुणी विचारलं तर काय करायचं ते मला माहीत आहे. नुसता अंगठा. नात म्हणते, त्यांना वाटेल आजोबा लाइक देताहेत.

भुयारी रेल्वेतला एक प्रसंग या सिनेमाचा सगळ्यात गाजलेला तुकडा आहे, आणि तो नातीशिवाय मला कळलाच नसता. डब्यात एक गोरा पोरगा पत्ते पिसत येतो, पत्ते टाकत टाकत एक लांबलचक गोष्ट सांगतो, आणि शेवटी म्हणतो, आता आणखी एक जादू दाखवतो, या डब्यातली सगळी गोरी माणसं गायब करतो. गाडी 59व्या स्ट्रीटला थांबते. दारं उघडतात. गोरे सगळे उतरून जातात, तोही जातो. कारण ती 'ए' नावाची गाडी जलद आहे, तिथून सुटली की थेट 125व्या स्ट्रीटला, म्हणजे हार्लेममध्येच थांबते. मी विचारलं, यात जादू कुठे आहे? नात म्हणाली, "आजोबा, तीच तर." मग मला आपल्या सिटी बसचे काही थांबे आठवले, जिथे कोण उतरणार आणि कोण बसून राहणार हे कपडे बघून सांगता येतं. मी आणखी काही विचारलं नाही.

आता करणाऱ्यांबद्दल. सेल्सला 1983 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली होती. हुशार माणसाला, जा बाबा तुला हवं ते कर, म्हणून देतात ते पैसे. त्यातले त्याने या सिनेमात घातले. सगळा खर्च साधारण साडेतीन लाख डॉलर. दोनच वर्षं आधी आलेल्या 'ई.टी.'चा खर्च एक कोटी डॉलरच्या पुढे होता. गंमत अशी की त्या 'ई.टी.'च्या मुळाशीही सेल्स आहे. स्पीलबर्गसाठी त्याने 'नाइट स्काइज' नावाची पटकथा लिहिली होती, दुष्ट परग्रहवासी शेतघराला वेढा घालतात अशी. त्यात शेवटी एक भला जीव पृथ्वीवर मागे राहतो. ती पटकथा बारगळली आणि मागे राहिलेल्या त्या एकट्या जिवातून पुढे 'ई.टी.' उगवला. सेल्सने मग आपला स्वतःचा मागे राहिलेला जीव हार्लेममध्ये नेऊन सोडला. 'ई.टी.'ला घरी जायचं असतं. याला घरी जायचं नाही, कारण हा तिथून पळालेला गुलाम आहे, आणि त्याला पकडायला दोन काळे कोटवाले गोरे मागावर आलेत. त्या दोघांतला एक स्वतः सेल्सच आहे, दुसरा डेव्हिड स्ट्रॅथेर्न. त्यांची चाल बघा, गुडघ्यांना ग्रीस कमी पडल्यासारखी. पैसे नसले की माणूस असं काहीतरी सुचवतो, ते मुखवटे आणि रबरी शेपट्यांपेक्षा जास्त घाबरवतं आणि हसवतं.

छायाचित्रण अर्नेस्ट डिकरसनचं, ज्याने पुढे 1989 मध्ये 'डू द राइट थिंग' टिपला. ज्यो मॉर्टनला तुम्ही 'टर्मिनेटर 2'मध्ये पाहिलंय, ती घातक चिप बनवणारा शास्त्रज्ञ तोच. तिथे त्याला भरपूर संवाद होते. मला तो मुकाच जास्त आवडला.

सगळंच गोड नाही. उत्तरार्धात अमली पदार्थांचा धागा सुरू होतो. भियाला एक मेलेला पोरगा सापडतो, सुईसकट, आणि मग तो त्या विषाचा माग काढत उंच इमारतीतल्या बड्या शेठपर्यंत जातो. इथे सिनेमाची चाल बिघडते. अड्ड्यातल्या गप्पांची लय सुटते आणि पोलिसी मालिकेची लागते. वर ती लयही धड नाही. त्यातला एक उपाय मात्र भन्नाट आहे: हा आपला एक डोळा खोबणीतून काढून जागेवर ठेवून जातो, तो डोळा सगळं बघून ठेवतो. सीसीटीव्ही बसवणाऱ्या माझ्या भाच्याला हे फार आवडलं. गायिकेबरोबरचं प्रेमप्रकरणही वरवर जोडलेलं वाटतं. ती भूमिका डी डी ब्रिजवॉटर या जॅझ गायिकेने केलीय, गाताना सुरेख, पण प्रसंग आला तसा गेला. आणि मुक्या माणसाचा शंभर मिनिटांचा सिनेमा म्हटला की आठ-दहा मिनिटं अशी येतातच, जिथे दिग्दर्शकालाही पुढे काय करायचं ते सुचलेलं नाही. माझ्या मते ती पत्त्यांच्या प्रसंगानंतर येतात. तेव्हा चहा करून घ्या.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की भिंतींवर खडू-रंगाने केलेल्या रेघोट्यांकडे सुरुवातीपासून लक्ष ठेवा.

लहान मुलांना दाखवू नका, त्या सुईमुळे. परग्रहवासी म्हटल्यावर लढाया, उडत्या तबकड्या हव्या असतील त्यांनी पैसे वाया घालवू नयेत. इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना जाऊन मध्यंतरात 'काही घडतच नाही हो' म्हणणारी जी मंडळी आहेत, त्यांनीही नको. इंग्रजी कच्चं असेल तर खाली अक्षरं असलेली प्रत शोधा, किंवा एखादी नात शोधा. मी पाचपैकी चार देतो. एक कापला तो त्या स्वच्छ मशीनांसाठी.

डिस्क मी पुसून परत त्याच प्लेअरमध्ये ठेवली आहे. बेल्ट नवा आहे, लेन्स साफ केली, पॉवर सप्लायमधला फुगलेला एक कंडेन्सरही बदलला, त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. 412 नंबरवाले हे वाचत असतील तर दुपारी दोन ते पाच या वेळात यावं, 180 रुपये आणावेत. चिठ्ठी हरवली असणारच. चालेल. आत कुठला सिनेमा होता विचारलं तर तोंडाने काही सांगू नका. अंगठा वर करा, मी ओळखीन.